झाडांच्या ब्लॉगमागच्या ओळी

कर्णिक मॅडम ऑफिसात आल्या की पर्स खुर्चीला अडकवायच्या, ओढणीच्या टोकाने चष्मा पुसायच्या आणि सगळ्यात आधी एक ब्लॉग उघडायच्या. त्यातलं काही वाचायच्या नाहीत. पान पूर्ण उघडलं, उजवीकडची यादी दिसली, तळाची ओळ दिसली की स्वतःशीच "उभा आहे" म्हणायच्या आणि बंद करायच्या. मग आमचा दिवस सुरू व्हायचा. मी नवीन होते तेव्हा मला वाटायचं, कुणीतरी मोठा क्लायंट असणार. विचारायची हिंमत नव्हती.

मी कल्याणजवळच्या मोहन्याची. वडील आंबिवलीला एका सोसायटीत वॉचमन होते, आई चार घरी स्वयंपाक करायची. आमच्या घरात पदवीपर्यंत पोचलेली मी पहिली. कल्याणच्या कॉलेजातून बीएस्सी आयटी झाले आणि डोंबिवली पूर्वेला, एका दातांच्या दवाखान्याच्या वर दोन खोल्यांचं ऑफिस होतं, तिथे मुलाखतीला गेले. डॉक्टर, क्लासवाले, केटरर अशा लोकांच्या वेबसाइट आणि ब्लॉग करून देणारं ते ऑफिस. मालक नितीन सर. त्यांनी प्रश्न इंग्रजीत विचारले. मला प्रश्न कळत होते, पण उत्तर देताना तोंडातून मराठीच बाहेर पडत होतं, आणि त्याची लाज वाटून माझा आवाज लहान लहान होत चालला होता. तेवढ्यात भिंतीकडे तोंड करून बसलेल्या एक बाई मागे न वळता म्हणाल्या, "नितीन, उत्तर बरोबर देतेय ना ती? मग घे की."

त्या कर्णिक मॅडम. त्यांना जाऊन आता दहा महिने झाले. त्या तशा मागे न वळता बोलल्या नसत्या तर मी आज कुठे असते, हा विचार मी अजून करते.

त्या मूळच्या संगणकवाल्या नव्हत्याच. ठाण्याच्या एका शाळेत बावीस वर्षं ग्रंथपाल होत्या. पंचेचाळिशी उलटल्यावर ती नोकरी सोडली, कल्याणला एका क्लासमध्ये अठरा-अठरा वर्षांच्या मुलांबरोबर बाकावर बसून पीएचपी ही वेबसाइटच्या कोडची भाषा शिकल्या आणि इथे आल्या. का, ते मला बऱ्याच उशिरा कळलं.

पहिल्याच आठवड्यात मी एक घोळ केला. एका केटररच्या ब्लॉगवर, प्रत्येक पाककृतीखाली वाचकांना तारे देता यावेत, अशी त्यांची मागणी होती. त्यासाठीचं प्लगइन, म्हणजे ब्लॉगला बाहेरून जोडायचा तयार तुकडा, मी बसवलं. पण असं प्लगइन नुसतं बसवून भागत नाही. पान कसं दिसावं हे ठरवणाऱ्या फाइली असतात, वरच्या भागाची एक, तळाची एक, बाजूच्या पट्टीची एक, एकेका लेखाची एक. त्यांना टेम्प्लेट म्हणतात. तारे जिथे हवेत तिथे, लेखाच्या टेम्प्लेटमध्ये, प्लगइनला हाक मारणारी ओळ आपल्या हाताने लिहावी लागते. मी ती लिहिली, तारे दिसले, मी खूश होऊन घरी गेले. दुसऱ्या दिवशी केटररने स्वतःच ते प्लगइन बंद केलं आणि त्यांच्या सगळ्या पाककृती गायब होऊन पांढरं पान उरलं. नितीन सर फोनवर सॉरी सॉरी करत फिरत होते.

मॅडमनी माझी खुर्ची त्यांच्या टेबलाकडे ओढली.

"हे बघ. टेम्प्लेट म्हणजे घर आणि प्लगइन म्हणजे भाडेकरू. आज आहे, उद्या खोली सोडून जाईल. तू दारात उभं राहून सरळ हाक मारलीस. आत कुणी नव्हतं, म्हणून सगळं घर खाली बसलं. आधी विचारायचं, आहेस का? असेल तर हाक मारायची. नसेल तर गुपचूप पुढच्या ओळीवर जायचं."

हे विचारायला कोडमध्ये एक साधी ओळ असते. कॉलेजात मला ती कुणी शिकवली नव्हती, किंवा शिकवली असेल तर अशी शिकवली नव्हती. त्या दिवसापासून आजपर्यंत मी ती ओळ लिहिल्याशिवाय कुठल्याही प्लगइनला हाक मारलेली नाही.

त्यांचा दुसरा नियम याहून कडक होता. मूळ थीमच्या, म्हणजे तयार मिळणाऱ्या टेम्प्लेटच्या संचाच्या, फाइलींना हात लावायचा नाही. तिच्याशेजारी आपली एक छोटी थीम करायची, तिला चाइल्ड थीम म्हणतात, आणि आपले सगळे बदल तिथे लिहायचे. कारण मूळ थीमची नवी आवृत्ती आली आणि कुणी अपडेटचं बटण दाबलं, की जुन्या फाइली पुसल्या जातात आणि त्यांच्या जागी नव्या येतात. तुम्ही त्यात रात्रंदिवस खपून काय लिहिलं होतं, याच्याशी त्या बटणाला काही घेणंदेणं नसतं. एकदा नितीन सरांनीच घाईत मूळ फाइलीत एक ओळ घातली, तर मॅडमनी सगळ्यांसमोर त्यांना ती काढायला लावली. सर हसत म्हणाले, "मॅडम, कंपनी माझी आहे." मॅडम म्हणाल्या, "म्हणूनच काढ."

कुठलाही बदल त्या आधी फुलस्केप वहीत लिहायच्या. तारीख, फाइलीचं नाव, कितवी ओळ, आधी काय होतं, आता काय आहे. अक्षर ग्रंथपालाचं, सरळ आणि बारीक. कोडमध्ये सूचनाही मराठीतच लिहायच्या. "ही ओळ हलवू नका." "हे का केलं ते मलाही आठवत नाही, पण काढलं की यादी बिघडते." माझ्या इंग्रजीच्या भीतीवर त्यांचा एकच उपाय होता. प्रत्येक प्लगइनसोबत माहितीची जी फाइल येते ती मला मोठ्याने वाचायला लावायच्या. मी अडखळले की थांबायच्या, शब्द सांगायच्या नाहीत. एकदा मी रडकुंडीला आले तेव्हा म्हणाल्या, "अगं, हे लिहिणारा कुठल्या तरी थंड देशातला पोरगा आहे आणि त्याचं इंग्रजी तुझ्यापेक्षा वाईट आहे. तिसऱ्या ओळीत बघ, क्रियापदच विसरलाय." खरंच विसरला होता.

बुधवारी त्या डब्यात मोड आलेले वाल घेऊन यायच्या. कर्णिकांकडे गुरुवारी बिरडं व्हायचंच, आणि वाल सोलायला घरी वेळ नसायचा. एखाद्या साइटचा बॅकअप उतरत असला की पंधरा-वीस मिनिटं नुसतं बसावं लागतं. तेवढ्या वेळात, ज्याचे हात रिकामे त्याने वाल सोलायचे असा अलिखित नियमच झाला होता. एकदा एक होमिओपॅथीचे डॉक्टर त्यांच्या ब्लॉगची तक्रार घेऊन आले, तर नितीन सरांसकट आम्ही सगळे ताटाभोवती बसलेलो. सरांचा चेहरा पाहण्यासारखा झाला. डॉक्टर क्षणभर उभे राहिले, मग बाही वर करून म्हणाले, "माझी आई अंगठ्याने दाबायची, तुम्ही चिमटीत धरताय." त्यांनी अर्धा तास वाल सोलले आणि तक्रार काय होती ते सांगायचं विसरून गेले.

मला त्यांचा लळा लागला होता, हे सांगायला नकोच. मी उगाच उशिरापर्यंत बसायला लागले, त्यांच्याबरोबर निघता यावं म्हणून. एक दिवस त्यांनी माझ्याकडे सरळ पाहिलं. "वैशाली, तू माझी मुलगी नाहीस. सहा वाजता काम संपतं, तेव्हा सहा वाजता घरी जा. तुझी आई वाट बघत असेल." बोलल्या तशा शांतपणेच, पण मला ते लागलं. मी जिना उतरून आले तर नितीन सर खाली उभे होते. त्यांनी माझा चेहरा पाहिला आणि मग त्या ब्लॉगबद्दल सांगितलं.

तो ब्लॉग ऋचाचा होता. ऋचा म्हणजे मॅडमची एकुलती एक मुलगी. वनस्पतिशास्त्र शिकत होती. ठाण्यापासून कल्याणपर्यंतची झाडं ती हिंडून बघायची आणि एकेकावर लिहायची. कळव्याच्या खाडीकाठची तिवरं, आंबिवली स्टेशनबाहेरचा करंज, डोंबिवलीतल्या एका बंद बंगल्याच्या आवारातला बुचाचा वृक्ष. प्रत्येक लेखाखाली तिने एक चौकट केली होती, "हे झाड तुम्ही कुठे पाहिलंत?" वाचक जागा लिहायचे आणि त्यांची यादी उजवीकडे दिसायची. चौकट एका प्लगइनची होती, पण त्याला हाक मारणाऱ्या ओळी ऋचाने स्वतः टेम्प्लेटमध्ये लिहिल्या होत्या, कुणीही न शिकवता. तेविसाव्या वर्षी, तीन दिवसांच्या तापात ती गेली.

मॅडम कोड शिकल्या त्या एवढ्यासाठी, की तो ब्लॉग पडू नये. जुनी प्लगइनं एकेक करून बंद पडत होती आणि प्रत्येकाच्या जागी काहीतरी नवीन लिहून त्या पान उभं ठेवत होत्या.

पुढे एकदा, आपण होऊन, त्यांनी मला त्या फाइली दाखवल्या. कोडच्या ओळींच्या अध्येमध्ये ऋचाने स्वतःसाठी लिहिलेल्या सूचना होत्या. "पांगारा की पळस, आईला विचार." "इथे काहीतरी चुकतंय, जेवून येते." "चाललं!! हात लावू नकोस ऋचा." अशा ओळी ब्लॉग वाचणाऱ्याला कधीच दिसत नाहीत. त्या सर्व्हरवरच्या फाइलीत राहतात, पानाबरोबर बाहेर येत नाहीत. जगात एकच बाई त्या वाचत होती. पडद्यावर बोट ठेवून मॅडम म्हणाल्या, "वह्या होत्या तिच्या, पण त्यात सगळं अभ्यासाचं. अशी बोलते ती इथेच."

मग ते घडलं, आणि ते मी केलं.

मॅडमचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं. आठवडाभर रजा. जाताना त्यांनी ब्लॉगचा पासवर्ड मला दिला. "रोज सकाळी एकदा बघ, पान उघडतंय ना." मला केवढा अभिमान वाटला. मंगळवारी सकाळी मी आत गेले तर वर लाल पट्टी होती. थीम फार जुनी झाली आहे, धोका आहे, अपडेट करा. सर्व्हरवाल्यांचाही मेल येऊन पडला होता, जुन्या थीम लवकरच चालेनाशा होतील. मला वाटलं, मॅडम बिछान्यावर आहेत, ब्लॉग पडला तर त्यांना काय वाटेल. बटणाखाली बारीक अक्षरांत इशारा होता, मूळ फाइलींत केलेले बदल जातील. तो मी वाचला. मोठ्याने वाचला, त्यांनीच शिकवलं होतं तसा. आणि मनात म्हटलं, मॅडमच्या साइटला चाइल्ड थीम असणारच. ज्यांनी मालकाला ओळ काढायला लावली, त्यांच्या स्वतःच्या ब्लॉगला नसेल?

नव्हती. सगळ्या क्लायंटच्या साइटना होती, फक्त या एकाला नव्हती. ऋचाने मूळ फाइलीतच लिहिलं होतं. तिच्या ओळी तिथून उचलून दुसरीकडे ठेवणं मॅडमना जमलं नव्हतं.

आठ-दहा सेकंदांत झालं. पान उघडलं, झाडं होती, फोटो होते. उजवीकडची यादी नव्हती. चौकट नव्हती. मी टेम्प्लेटची फाइल उघडली, तर ती स्वच्छ, नवी, परक्याची होती.

त्याच क्षणी मी फोन करायला हवा होता. मी केला नाही. नोकरी जाईल ही भीती होती, पण त्याहून मोठी भीती ही, की त्या माझ्याकडे पुन्हा कधी तशा बघणार नाहीत. आपणच गुपचूप दुरुस्त करू, त्या यायच्या आत, असं मी ठरवलं. बुधवारी धडपडले, गुरुवारी धडपडले. गुरुवारी दुपारी त्यांचाच फोन आला. "उभा आहे ना गं?" मी म्हटलं, "हो मॅडम, उभा आहे."

शुक्रवारी डोळ्यांवर काळा चष्मा लावून त्या मुद्दाम ऑफिसात आल्या. घरी करमेना म्हणाल्या. पर्स अडकवली आणि ब्लॉग उघडला. मी त्यांच्या मागे उभी होते.  मग फाइल उघडली. वरपासून खालपर्यंत हळूहळू सरकवत गेल्या, पुन्हा वर आल्या.

"कधी?"

"मंगळवारी."

"काल फोनवर..."

"हो."

ऑफिसातले बॅकअप फक्त क्लायंटच्या साइटचे असायचे. मॅडमनी सर्व्हरवाल्यांना फोन लावला. पलीकडच्या माणसाने नम्रपणे सांगितलं की ते फक्त आदल्या रात्रीची एक प्रत ठेवतात, आणि रोज रात्री ती बदलते. मंगळवारी संध्याकाळपर्यंत कळवलं असतं तर परत आणता आलं असतं. मॅडमनी त्याचे दोनदा आभार मानले. घरी ऋचाचा जुना लॅपटॉप होता. तो नितीन सर स्वतः कल्याणला दुरुस्तीवाल्याकडे घेऊन गेले, पण त्याची डिस्क केव्हाच खराब झाली होती.

मी रडत होते. मॅडम म्हणाल्या, "तोंड धुऊन ये. मग चहा घे." एवढंच.

ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. पुढच्या काही दिवसांत त्यांनी फुलस्केप वही काढून आपले सगळे बदल पुन्हा लिहिले, या वेळी चाइल्ड थीममध्ये. चौकट परत आली, यादी परत आली. वाचकांनी लिहिलेल्या जागा वेगळ्या साठवलेल्या असतात, त्यामुळे त्या शाबूत होत्या. बाहेरच्या माणसाला काही बदललेलं दिसलंही नसतं. पण वहीत फक्त मॅडमचे बदल होते. ऋचाच्या ओळींना त्यांनी कधी हातच लावला नव्हता, मग त्यांची नोंद कशी असणार? त्या त्यांना पाठ होत्या. एका दुपारी त्यांनी त्या आठवून टाइप करायला घेतल्या. चार-पाच झाल्यावर थांबल्या आणि सगळ्या पुसल्या. मला म्हणाल्या, "मी लिहिलं की ते माझं होतं गं. तिचं नाही राहत."

त्यानंतरही त्या मला शिकवत राहिल्या, बुधवारी वालही येत राहिले. माफ केलं असं त्या कधी म्हणाल्या नाहीत, आणि मी विचारलं नाही. वर्षभराने त्यांच्या पोटातलं दुखणं निघालं. त्यांनी ऑफिस सोडलं.

मी मात्र शोधत राहिले होते. जुन्या वेबसाइटची पानं साठवून ठेवणारी एक जागा इंटरनेटवर आहे. तिथे ऋचाच्या ब्लॉगच्या प्रती होत्या. पण तिथे पान जसं दिसायचं तसं सापडतं, त्यामागची फाइल नाही. मी तरीही एकेक प्रत उघडून तिचा सोर्स, म्हणजे वाचकाच्या संगणकापर्यंत पोचणारा कोड, वाचत होते. एका रविवारी अगदी पहिल्या वर्षाची एक प्रत हाती लागली. ऋचा तेव्हा नवशिकी असणार. सूचना कशी लिहिली की ती बाहेर जात नाही, हे तिला तेव्हा माहीत नसावं. पानावर दिसत नव्हती, पण सोर्समध्ये एक ओळ होती. नंतरच्या प्रतींत ती नव्हती, म्हणजे तिने स्वतःच पुसली होती. मॅडमनी ती कधीच पाहिलेली नव्हती.

मी ती कागदावर छापून घेतली आणि ठाण्याला त्यांच्या घरी गेले. त्या खिडकीजवळच्या खाटेवर उशांना टेकून बसल्या होत्या. खूप बारीक झाल्या होत्या. मी कागद दिला. त्यांनी तो लांब धरला, मग जवळ घेतला आणि वाचला.

"आईला अजून दाखवायचं नाही. आधी पन्नास झाडं होऊ देत."

"कुठली आहे ही?"

मी सांगितलं. तारीख सांगितली. 

"पन्नास झाली तेव्हा आली होती लॅपटॉप घेऊन," त्या म्हणाल्या. "मार्च होता. मी जेवणाच्या टेबलावर शाळेच्या पुस्तकांच्या याद्या पसरून बसले होते. म्हणाली, आई, एक बघतेस? मी म्हटलं, ठेव तिथे, नंतर बघते."

मी विचारायला नको होतं. पण विचारलं, "मग कधी बघितलंत?"

"ती गेल्यावर."

खाली रस्त्यावर कुणीतरी गाडी मागे घेत होतं, तिचा आवाज येत राहिला. मला वाटलं आता बोलायलाच हवं, आता नाही तर कधीच नाही. मी म्हटलं, "मॅडम, मी त्याच दिवशी सांगितलं असतं ना, तर..."

"तू तीन दिवस थांबलीस," त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. पुढे काहीतरी बोलणार होत्या, पण त्यांनी मान हलवली आणि राहू दिलं.

थोड्या वेळाने म्हणाल्या, "जा आता, उशीर होईल तुला. जाताना पंखा जरा कमी कर."

मी पंखा एकवर केला. दारात चपला घालताना वळून पाहिलं. त्या डोळे मिटून पडल्या होत्या. कागद पोटावर होता, आणि तो उडू नये म्हणून त्यांनी त्यावर तळहात ठेवला होता. पंखा आता जवळजवळ थांबलाच होता, तरी त्यांनी हात उचललेला नव्हता.